पंचेचाळीस ग्रॅम

आमच्या बेकरीत भावोजींना सगळे 'काटा' म्हणायचे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मळलेल्या पिठाच्या ढिगातून पावाचे गोळे तोडायचं त्यांचं काम. उजव्या हाताने तोडायचे, न बघता, आणि तो गोळा काट्यावर ठेवला तर हवा तितकाच भरायचा. लहान पावाला पन्नास ग्रॅम, लांब ब्रेडला चारशे. तोंडाने माझी टिंगल चालू, डोळे खिडकीबाहेर, आणि हात आपला तोडतोय. मी त्याच बेकरीत भट्टी सांभाळतो. ताईच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला तिथे चिकटवलं, त्यामुळे बावीस वर्षं मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

मालकाला त्या हाताचं भारी कौतुक. कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की तो त्याला आत घेऊन यायचा आणि बिस्किटांच्या डब्यावर पैज लावायचा. गिऱ्हाईकाने आकडा सांगायचा, भावोजींनी तोडायचं. एकशे सत्तर म्हणा, पंचावन्न म्हणा. डबा मालकाकडेच राहायचा. भावोजी निकाल बघायलाही थांबत नसत. "मेहुणे, हरलो तरच हाक मार," म्हणायचे आणि पुढचा गोळा तोडायचे. मात्र त्यांचे कान काट्याकडे लागलेले असायचे, हे मला चार पावलांवरून दिसायचं.

एरवी माणूस अगदी सरळसाधा. खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीचा पोपडा काढून ठेवणार. कुठला फॉर्म भरायचा म्हटलं की घाम फुटायचा, सही करतानाही एकदा ताईकडे बघून घ्यायचे. मूलबाळ झालं नाही. घरात ताईचं राज्य होतं आणि ते त्यांना मान्य होतं. ताई म्हणजे तोंडाने फटकळ, कामाला वाघ आणि शब्दाला पक्की. दुसऱ्यानेही शब्दाला पक्कं असावं अशी तिची अपेक्षा, आणि त्यात सवलत नाही. लहानपणी मी एकदा दुधावरची साय खाऊन मांजराचं नाव घेतलं होतं. ते ती मला अजून ऐकवते.

एक्कावन्नाव्या वर्षी भावोजींच्या पायाच्या अंगठ्याला बूट लागला आणि ती जखम दोन महिने बरी होईना. तहान तर अशी लागायची की बेकरीतला माठ एकट्याने रिकामा करायचे. ताईने त्यांना जवळजवळ बखोट धरूनच दवाखान्यात नेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या वर निघाली, जी सातच्या आत हवी. डॉक्टर म्हणाले, "ही आजची नाही. पाच-सात वर्षं तरी आत असेल, तुम्हाला पत्ताच नाही." पत्ता कसा असणार? चहात चार चमचे साखर घालणारा माणूस तो. शिवाय आमच्याकडे केक कापला की कडा वाया जातात म्हणून कामगारांनी खायच्या असा रिवाज. इतकी वर्षं कडा खाल्ल्या आम्ही. माझ्या अंगाला काही लागलं नाही, त्यांच्या लागलं. याचाही मला कधीकधी राग येतो, पण कोणावर काढणार?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आम्ही तिघंही गेलो. भावोजी खुर्चीच्या टोकावर बसलेले, निकाल ऐकायला बसल्यासारखे. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "ब्रेड बंद का?"

"बंद कशाला?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला बंद सांगितलं तर तुम्ही माझ्याकडे पुन्हा येणारच नाही. मोजून खायचा. अर्धं ताट भाज्यांचं. एक चौथाई डाळ, अंडं नाहीतर मासा. उरलेल्या चौथाईत तुमचा पाव. मैद्याचा नाही, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा. चाळीस ग्रॅमचा एक, दिवसातून तीन वेळा. साखर, गोड, फळांचा रस, सगळं विसरायचं. जेवण झालं की पंधरा मिनिटं चालायचं."

असं म्हणून त्यांनी खणातून एक छोटा काटा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हा घरी न्या, अंदाजाने खाऊ नका, अंदाजानेच सगळ्यांची वाट लागते.

भावोजी हसले. दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा हसले. ताईने जरा तोऱ्यातच बाईंना त्यांचं काम काय ते सांगितलं. बाईंना खरं वाटेना. बाजूला कणकेसारखी मऊ माती होती, मुलांना घासाचं माप दाखवायला ठेवलेली. भावोजींनी विचारलं, किती? बाई म्हणाल्या, चाळीस. त्यांनी चार गोळे तोडले. चाळीस, चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. एक्केचाळीसवाल्याकडे त्यांनी जरा रागाने बघितलं. "माती आहे. पीठ असतं तर चुकलो नसतो."

"तुम्हाला काट्याची गरज नाही," बाई म्हणाल्या आणि काटा पुन्हा खणात ठेवायला लागल्या. ताई म्हणाली, असू दे, फुकट मिळतोय तर घेऊन जाऊ. तो काटा घरी आला, खोक्यातून बाहेर मात्र आला नाही. आमच्या घरात काटा वापरणं म्हणजे भावोजींचा अपमान झाला असता. आता लिहिताना वाटतं, दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती.

मग ताईने कंबर कसली. बाईंनी दिलेली यादी तिने स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवली. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. ते खातील तेच ती खाणार, असं तिने जाहीर केलं आणि वर मलाही रविवारच्या जेवणात उकडलेला दुधीभोपळा वाढला. भावोजी निमूट खायचे. मध्येच म्हणायचे, "मेहुणे, हा भोपळा इतका सज्जन आहे की त्याला काही चवच नाही." ताई हसू दाबायची. जेवण झालं की दोघं चालायला निघायची, ती पुढे, ते मागे.

पाव ते स्वतः करायचे. रोज सकाळी बेकरीत कामाला लागण्याआधी जाडसर गहू आणि थोडं सातूचं पीठ वेगळं मळायचे, आणि तीन गोळे तोडायचे. पंचेचाळीस ग्रॅमचे. भाजताना पाणी उडतं, म्हणून पंचेचाळीसचा गोळा तोडला की पाव चाळीसचा निघतो, हा त्यांचा हिशोब. ते तीन गोळे मी भट्टीत उजव्या कोपऱ्यात लावायचो. अठरा मिनिटांत व्हायचे. फडक्यात बांधून ते घरी न्यायचे. ताई तीन मोजून घ्यायची.

वर्ष फार चांगलं गेलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सांगताना लोकांना वाटतं की सगळं पहिल्यापासूनच बिघडलेलं होतं. अकरा किलो वजन उतरलं. अंगठा भरून आला. तीन महिन्यांची सरासरी दहावरून साडेसहापर्यंत आली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि ताईकडे बघून म्हणाले, "याचं श्रेय तुमचं." ताई घरी येईपर्यंत रस्ताभर काही बोलली नाही. आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

दुसऱ्या वर्षी साखर चढायला लागली. आधी सात, मग साडेसात, मग आठ. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? ताई म्हणाली, काडीचा नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा वाढवली आणि सहज म्हणाले, "बाहेर काही होत असेल तर बघा." एवढंच. पण ताईच्या डोक्यात तो किडा शिरला.

घरात काय शिजतं ते तिच्या हातात. पाव तीन म्हणजे तीन, ती स्वतः मोजते. म्हणजे राहिली बेकरी, आणि बेकरीत केकच्या कडा. तिचा हिशोब कुठे चुकत होता? मला तरी दिसला नाही. ती त्यांच्या कोटाचे खिसे उलटे करू लागली. घरी आले की आधी तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. पन्नाशी उलटलेला माणूस, दारात उभा राहून बायकोसमोर आ करतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला तेव्हा हसू आलं होतं. ते आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"तुझ्या गळ्याची शपथ, मी काही खाल्लेलं नाही," ते म्हणायचे.

"माझा गळा मध्ये आणू नका. साखर काय हवेतून चढते?"

एका रविवारी तिने मला गॅलरीत बोलावलं. "तू तिथेच असतोस ना? खरं सांग, काय खातात हे?"

मी म्हटलं, "ताई, मी बघितलं नाही. कडा आल्या की ते उठून बाहेर जातात."

"बाहेर जाऊन काय करतात?"

"उभे राहतात."

"तू पण त्यांच्याच बाजूचा," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली.

मी खोटं बोललो नव्हतो, पण सगळं सांगितलंही नव्हतं. कारण भट्टीवर मला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं होतं. एकाच ट्रेमधले पाव आता सारखे होत नव्हते. काही आधीच तपकिरी व्हायचे, काही मागे राहायचे. पहिल्यांदा मी भट्टीलाच शिव्या दिल्या. मिस्त्री बोलावला, त्याने आतून बाहेरून बघून भट्टी चोख असल्याचं सांगितलं. मग मी गोळ्यांकडे नीट बघायला लागलो. लहानमोठे होते. फार नाही, पण इतक्या वर्षांत जे कधी नव्हतं ते होतं. मी काही बोललो नाही. मोठे गोळे उचलून भट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे आच जास्त, तिथे लावायचे आणि लहान तोंडाशी, असं सुरू केलं. पाव पुन्हा एकसारखे निघायला लागले. मालकाला कळलं नाही, गिऱ्हाइकांना कळलं नाही. भावोजींनाही कळलं नसावं असं मी धरून चाललो. वय झालं, म्हटलं, कोणाचा हात जन्मभर तसाच राहतो?

आणि त्यांचे ते तीन घरचे पाव? ते आता अठरा मिनिटांत होत नव्हते. बावीस लागायची. मी रोज चार मिनिटं जास्त ठेवत होतो आणि सातूचं पीठ बदललं असेल, ओलं असेल, असं मनाशी म्हणत होतो. बहिणीच्या घरात रोज भांडण होतंय, माझ्या हातातून रोज ते पाव जातायत, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला सहा महिने आली नाही.

ती आली तीही त्यांची बाजू घ्यायला गेलो म्हणून. साखर सव्वाआठ निघाली त्या दिवशी ताईने त्यांना माझ्यादेखत खोटारडा म्हटलं. साध्या आवाजात म्हणाली, ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी भावोजींना म्हटलं, "आपण तुमचे पाव मोजू. आकडा कागदावर लिहू, मी सही करतो, ताईपुढे टाकतो. तिचं तोंड बंद होईल." मला खात्रीच होती. ते नको नको म्हणत होते. मला वाटलं, मानी माणूस, काट्यावर यायला लाज वाटते. मी दुकानातला काटा आत आणला, पीठ समोर ठेवलं. म्हटलं, तोडा.

त्यांनी तोडला. बासष्ट भरला.

मी गोळा उचलला, काटा पुसून शून्यावर आणला, गोळा पुन्हा ठेवला. तेवढाच. त्यांनी दुसरा तोडला. अठ्ठावन्न. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले, हातात तोलून धरला, चिमूटभर काढला, पुन्हा तोलला. सहासष्ट. मग त्यांनी ते तिन्ही गोळे पुन्हा ढिगात मिसळून टाकले आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने दाबत बसले.

"हातमोजा घातल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "वर्ष झालं. पायाला तर त्याच्या आधीपासून."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"विचारतात. मी म्हणतो, छान आहे."

जे मी शोधून काढायला निघालो होतो ते सापडलं होतं. ते खोटारडे नव्हते. केकची एक कडाही त्यांनी खाल्ली नव्हती. तीन पाव म्हणजे तीनच खाल्ले होते, पण प्रत्येक पाव जवळजवळ दीडपट होता आणि ते त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, "चला, आज घरी जाऊन सांगू. ताई माफी मागेल तुमची."

"सांगायचं नाही," ते म्हणाले.

"अहो पण..."

"ऐक जरा. चोरून खात होतो म्हटलं तर ती चिडेल. चिडली की चार दिवसांनी उतरतं. हात गेला म्हटलं तर ती घाबरेल. ते उतरत नाही. रात्रंदिवस माझे हातपाय चाचपत बसेल. आणि मालकाच्या कानावर घातल्याशिवाय तिला राहवणार नाही, मला कामावरून काढायला लावेल. मग मी घरी बसून काय करू? भोपळा सोलू?"

मला विचाराल तर हे सगळं खरं असलं तरी अर्धंच खरं होतं. उरलेली अर्धी मिजास होती. माणूस लबाड निघाला असं लोकांनी म्हटलेलं त्यांना चालणार होतं, काटा चुकतो असं म्हटलेलं नाही. मी तेव्हा त्यांना हे तोंडावर म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना शब्द दिला. ते माझ्यापेक्षा मोठे, त्यांच्यामुळे माझ्या घरात चूल पेटत होती, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. ताई भाजी चिरत होती. भावोजींनी चपला काढल्या, हात धुतले, आणि सरळ सांगितलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर आहे. मी कडा खात होतो. सहा-सात महिने झाले."

ताईची सुरी थांबली. मला वाटतं, तोपर्यंत तिला मनातून आशा होती की आपलंच काहीतरी चुकत असेल. ती म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीत."

"हो," ते म्हणाले, आणि हसले. कसनुसं हसले, पण हसले. ताई उठून आत गेली. भाजी मी चिरली.

दुसऱ्या दिवसापासून ते बेकरीत लपून काट्यावर पाव मोजायला लागले. पंचेचाळीस, डोळ्यांनी बघून. माझी बावीस मिनिटं पुन्हा अठरा झाली. डॉक्टरांना त्यांनी बोटांचं आणि पायांचं सांगितलं, मात्र एकट्याने जाऊन. तीन महिन्यांनी साखर सातवर आली. ताईला आणखी काय पुरावा हवा होता? खाणं थांबलं, साखर उतरली. तिने तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बघा. औषध तुमच्याच हातात होतं." ते म्हणाले, "खरं आहे."

मालकाला त्यांनी सांगितलं की उभं राहून पाठ धरते. मालक हळहळला, त्याने गोळे तोडायचं यंत्र आणलं आणि भावोजींना पीठ मळायच्या मशीनवर बसवलं. यंत्र पहिल्या दिवशी चाललं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याजवळ उभे होते. मला म्हणाले, "बरं तोडतं रे." त्या दिवशी त्यांनी माझी एकदाही टिंगल केली नाही.

त्यानंतर पाच महिने ते जगले. एका सकाळी दहाच्या सुमाराला पिठाच्या पोत्यावर बसले, म्हणाले, "मेहुणे, जरा पाणी दे." छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. पाणी घेऊन आलो तोवर ते एका बाजूला कलले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. या आजारात कधीकधी ते दुखतही नाही. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ते सहा महिने जड पाव खाल्ले, त्याने झालं का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही, मूळ नुकसान आधीच्या वर्षांतलं, जेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मी ते लक्षात ठेवलं आहे. रोज आठवावं लागतं.

लोक भेटायला यायचे. ताई रडली नाही. ती सगळ्यांना एकच सांगायची, "मी जिवाचं रान केलं. पण तोंडावर ताबा नव्हता. लपून खाल्लं, तेच भोवलं." येणाऱ्याला चहा बिनसाखरेचा द्यायची आणि पुन्हा तेच. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. दिलेला शब्द मोडायचा नाही, असं मला तिनेच लहानपणी शिकवलं होतं.

सात महिने मी तोंडाला कुलूप लावून काढले. मग खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला साखर निघाली आणि तो ती भिंतीवरची यादी उतरवून घ्यायला वर आला. ताईने यादी काढून टेबलावर ठेवली, त्याला कागद दिला, पेन दिलं, कुठल्या भाजीचं काय ते नीट समजावलं. तो निघाला तेव्हा म्हणाली, "यादीने काही होत नाही हो. माणूस प्रामाणिक लागतो. आमच्याकडे तेवढंच नव्हतं."

शिंपी खाली गेला. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. गोळे, बासष्ट, अठ्ठावन्न, सहासष्ट, हातमोजा, त्यांनी घेतलेला शब्द, लपून मोजलेले पाव. सांगताना मला वाटत होतं की मी तिला काहीतरी परत देतोय. तुझा नवरा खरा होता, ताई. बाईला याहून मोठं काय हवं असतं?

सांगून झालं आणि माझा जीव हलका झाला. मग मी तिच्याकडे बघितलं. माझ्या बहिणीला मी आयुष्यात पहिल्यांदा म्हातारी झालेलं बघितलं. सात महिने ती त्यांच्यावर रागावून उभी होती आणि तो राग मी काढून घेतला होता. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला आधी कळायला हवं होतं. चार मिनिटांचा फरक न कळणारा माणूस मी, मला काय कळणार?

तिने विचारलं, "मोजायला लागल्यावर किती भरायचा?"

"पंचेचाळीस. चुकला नाही एकदाही."

"म्हणजे शेवटचे आठ महिने ते बरोबर खात होते."

"आधीही खातच होते ताई. त्यांना कळत नव्हतं, एवढंच."

तिने मान हलवली. टेबलावर यादी तशीच पडली होती, ती तिने उचलली नाही. म्हणाली, "रोज सकाळी निघताना मी ह्यांना एकच वाक्य बोलायचे. आठ महिने, रोज. दुसरं काही बोलतच नव्हते. त्या दिवशीसुद्धा बोलले."

"काय?"

"'आज तरी खोटं वागू नका.' आणि ते म्हणाले, 'नाही वागणार.'"